निमाणी झडती

मार्च महिना आम्हा सरकारी कारकुनांच्या कसोटीचा. बिले, खतावण्या, शिल्लक निधी, 'एकतीस तारखेच्या आत' असा शेरा मारलेल्या फायली... या महिन्यात कोणी काहीही सांगायला आले की आमचे उत्तर ठरलेले : "एप्रिलात बघूया." गेल्या मार्चमध्ये हे उत्तर मी बऱ्याच जणांना दिले. त्यातले एक मात्र अजून मनातून जात नाही.

साष्टीतल्या आमच्या वाड्यावर एक वृद्ध सुतार राहत. ख्रिस्ती गृहस्थ. सगळे त्यांना 'मेस्त' म्हणायचे. मी कॉलेजात असताना एका पावसाळी रात्री माझे वडील छाती धरून खाली बसले. आमच्याकडे ना फोन ना गाडी. मेस्तांनी कोणाचा तरी टेंपो उठवला, वडिलांना मडगावला इस्पितळात नेले आणि उजाडेपर्यंत बाहेरच्या बाकावर माझ्याजवळ बसून राहिले. वडील त्यानंतर अकरा वर्षे जगले. गेल्या फेब्रुवारीत हेच मेस्त अंथरुणाला खिळले. त्यांच्या बायकोने दोनदा निरोप पाठवला, "मेस्त तुजी याद काडटा." घर फक्त दोन मिनिटांच्या अंतरावर. मी म्हटले, एवढा मार्च संपू दे, एप्रिलात निवांत जाईन. सत्तावीस मार्चला मेस्त गेले.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. आत तेर्स चालला होता. मी बाहेर बाल्कांवच्या सोप्यावर बसलो. आतून बायकांच्या आवाजात 'सतमानता' ऐकू येत होते. सतमानता म्हणजे आपण काय सत्य मानतो याची कबुली, ख्रिस्ती श्रद्धेचा सारांश. त्यात जिवंत आणि मेलेल्या सर्वांची एक दिवस झडती होणार असे वाक्य येते. लहानपणापासून शेजारी ऐकत आलेला तो शब्द त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकला. झडती!

मराठी वाचकाला झडती म्हटले की पोलीस आठवतात, उचकटलेली कपाटे आठवतात. पण या शब्दाला जुना दफ्तरी अर्थही आहे. पेशवाईतल्या महसुली कागदांत वर्षाच्या सुरुवातीला बांधलेला अंदाज तो अजमास, आणि प्रत्यक्षात काय जमले, काय खर्च झाले याचा अखेरचा हिशेब ती झडती. गोव्यातल्या ख्रिस्ती बांधवांच्या कोकणीत 'निमाणी झडती' म्हणजे शेवटचा न्याय. वर्षअखेरीचे हिशेब अर्धवट टाकून तिथे येऊन बसलेल्या माझ्यासारख्या कारकुनाला तो शब्द जरा झोंबलाच.

मग पुढचे काही दिवस मी या शब्दांच्याच मागे लागलो. आणि असे लक्षात आले, की प्रार्थना, पातक, न्याय, सदाचार याबद्दलची ख्रिस्ती शिकवण आपल्या शेजारघरात गेली चारशे वर्षे जवळजवळ आपल्याच शब्दांत सांगितली जाते आहे. आपण ती ऐकत आलो, पण कान देऊन कधी ऐकली नाही.

शब्दच पाहा. प्रार्थनेला ते म्हणतात 'मागणें'. पापाला 'पातक'. कृपेला 'कुर्पा'. शाश्वत जीवन म्हणजे 'सासणाचें जिवीत', ज्यात शासनपत्रांतला 'सासण' म्हणजे कायमचा हा जुना अर्थ आहे. नरकाला 'येमकोंड', म्हणजे सरळ यमकुंड! प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत रोजची भाकर मागितली आहे, तिथे आमच्या कोकणीत शब्द येतो 'गिरास', म्हणजे ग्रास, घास. दूर पॅलेस्टाइनमधली भाकरी गोव्याच्या किनाऱ्यावर उतरताना घास होऊन उतरली.

हे काम एका माणसाचे नव्हे, पिढ्यांचे आहे. पण या कामात अग्रभागी असलेले एक नाव गोव्यातल्या प्रत्येक मराठी वाचकाला ठाऊक आहे : फादर थॉमस स्टीफन्स.

स्टीफन्स मूळचा इंग्लंडमधल्या विल्टशायर परगण्यातला, १५४९ च्या सुमारास जन्मलेला. त्याच्या तरुणपणी इंग्लंडमध्ये पहिल्या एलिझाबेथ राणीचे राज्य होते आणि तिथे कॅथलिक असणे धोक्याचे होते. त्याचा मित्र थॉमस पाउंड याने श्रद्धेपायी सुमारे तीस वर्षे तुरुंगात काढली. स्टीफन्स निसटला. रोमला जाऊन १५७५ मध्ये जेझुइट झाला, ४ एप्रिल १५७९ ला लिस्बनहून निघाला आणि २४ ऑक्टोबर १५७९ ला गोव्यात पोचला. पुढची चाळीस वर्षे तो इथेच राहिला, मुख्यतः आमच्या साष्टीत, आणि १६१९ मध्ये इथेच वारला. भारतात राहिलेला पहिला ज्ञात इंग्रज असा त्याचा उल्लेख होतो. १५८३ मध्ये आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने इथल्या भाषांची रचना ग्रीक आणि लॅटिनसारखी असल्याचे म्हटले आहे. विल्यम जोन्सच्या सुप्रसिद्ध व्याख्यानाच्या दोनशे वर्षे आधी हे एका पाद्रीला दिसले होते.

पण त्याने ही भाषा कोणत्या साष्टीत शिकली, हे विसरून चालणार नाही. १५६७ च्या सुमारास साष्टीतली देवळे पाडली गेली होती. वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला हे स्थलांतर तेव्हाचेच. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळीला लोकांनी रुडॉल्फ आक्वाविवासह पाच जेझुइटांना ठार मारले. त्यानंतर कुंकळ्ळीच्या प्रमुख गावकऱ्यांना बोलणी करण्याच्या निमित्ताने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून पोर्तुगीजांनी त्यांची हत्या केली. त्या पाच सहकाऱ्यांचे मृतदेह ताब्यात घेऊन दफनासाठी आणणाऱ्यांत स्टीफन्स होता. म्हणजे त्याने दोन्ही बाजूंचे रक्त अगदी जवळून पाहिले होते.

असा हा माणूस १६१६ मध्ये रायतूरच्या छापखान्यातून मराठी ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' प्रसिद्ध करतो. पहिले पुराण आणि दुसरे पुराण असे दोन भाग, मिळून जवळजवळ अकरा हजार ओव्या, आणि सगळे रोमन लिपीत. पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये आणखी आवृत्त्या निघाल्या, पण या तिन्हींची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. हस्तलिखितांवरून १९०७ मध्ये मंगळूरला जे. एल. सालढाणा यांनी ते छापले. देवनागरीत आणण्याचे काम शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये केले आणि त्यानंतर फादर कारिदाद द्रागो यांची देवनागरी आवृत्ती १९९६ मध्ये आली. २००९ मध्ये फादर नेल्सन फलकाव यांची आवृत्तीही आली.

पुराणच का? त्याचे उत्तर ग्रंथातच आहे. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांपाशी दोतोर्न, म्हणजे धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरे होती. पण प्रश्नोत्तरे पाठ करून मन भरते का? एक ब्राह्मण पाद्रीला म्हणतो, की आमच्या जुन्या पुराणांना तुम्ही मनाई केलीत, मग त्यांच्या जागी आम्हांला दुसरे पुराण का देत नाही? केवढा मोठा प्रश्न आहे हा! आज्ञा आणि दंड यांवर श्रद्धा जगत नाही, तिला कथा लागते, गेय शब्द लागतो, संध्याकाळी दहा माणसांनी एकत्र बसून ऐकण्याजोगे काहीतरी लागते, हे त्या ब्राह्मणाला कळले होते. आणि ज्याने ते मनावर घेतले त्या परक्या पाद्रीलाही. त्याने एकनाथांच्या काळातली मराठी उचलली, तिच्यात साष्टीच्या बोलीचे शब्द मिसळले, स्वर्गाला बेलाशक वैकुंठ म्हटले आणि येशूचे चरित्र पुराणिकाच्या थाटात सांगितले.

आम्ही मराठीप्रेमी मंडळी या ग्रंथाचा एकच भाग व्यासपीठावरून म्हणतो : मराठीची स्तुती. रत्नांची, फुलांची, कस्तुरीची उपमा दिलेल्या त्या ओव्या शाळकरी मुलांनाही पाठ असतात. १९८५ ते ८७ च्या राजभाषा आंदोलनात तर त्या ओव्या हत्यारासारख्या वापरल्या गेल्या. दुसऱ्या बाजूला, धर्मांतराचे साधन म्हणून हा ग्रंथ बाजूला सारणारेही पुष्कळ आहेत. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. मात्र या दोन्ही पक्षांत मला एक गोष्ट सारखी दिसते : ग्रंथ ज्याबद्दल आहे ते कोणी वाचत नाही! मीही वाचले नव्हते. बी. ए. ला मराठी घेऊनही स्तुतीच्या ओव्यांपुढे गेलो नव्हतो. मेस्तांच्या बाल्कांवमधून आल्यावर कपाटातून पुस्तक काढले, सोबत बायबलमधले मत्तयकृत शुभवर्तमान काढले आणि सावकाश वाचायला बसलो. धर्मशास्त्राचा माझा अभ्यास नाही. एका शेजाऱ्याला जे समजले तेवढेच इथे लिहितो.

आधी मागणें. प्रार्थना कशी करावी याबद्दल येशूची शिकवण अगदी थोडक्या शब्दांत आहे. लोकांनी बघावे म्हणून रस्त्याच्या कोपऱ्यावर उभे राहून प्रार्थना करू नका, आपल्या खोलीत जा, दार लावून घ्या. पुष्कळ बडबडीने देव ऐकतो असे समजू नका, तुम्हांला काय हवे ते तुम्ही मागण्याआधीच त्याला ठाऊक आहे. आणि मग तो एक छोटीशी प्रार्थना शिकवतो. तिच्यात 'मी' कुठेच नाही. आमचा पिता, आमचा घास, आमचे अपराध... सगळे अनेकवचन. आपल्या देवळातले गाऱ्हाणे आठवा. गुरव किंवा गावकर देवासमोर उभा राहून गाऱ्हाणे घालतो ते एकट्यासाठी नसते. गावची लेकरे, गुरेढोरे, शेतभात, परगावी गेलेली माणसे, सगळ्यांना त्यात जागा असते. घरच्या खोलीतले बंद दाराआडचे मागणे आणि देवळातले उघड गाऱ्हाणे ही वरवर दोन टोके वाटतात. पण दोन्हीकडे मागणारा स्वतःपुरता मागत नाही.

त्या प्रार्थनेत एक अट मात्र आहे, आणि ती फार कडक आहे. आम्ही दुसऱ्यांना जशी क्षमा केली तशी तू आम्हांला कर. मत्तयाच्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'ऋण' असा आहे. म्हणजे आम्ही आमच्या ऋणकोंना जसे सोडले तसे तू आम्हांला सोड. प्रार्थना करणारा माणूस आपल्या तोंडाने आपल्याच विरुद्ध करार लिहून देतो! त्याच शिकवणीत आणखी एक गोष्ट येते. वेदीवर दान ठेवायला गेलास आणि तिथे आठवले की भावाचा तुझ्यावर राग आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जा, भावाशी समेट कर, मग ये. आपल्या गोव्यात हे सांगण्याची फार गरज आहे. वडिलोपार्जित घराच्या वाटणीवरून, शेजारच्या कुंपणाच्या दगडावरून, आंब्याच्या एका झाडावरून वीस-वीस वर्षे चाललेले खटले मी कचेरीत बघतो. दोन्ही पक्षकार दर रविवारी मिसेला जातात किंवा दर सोमवारी देवळात जातात. दान वेदीवर पोचते, भाऊ मात्र कोर्टातच भेटतो.

मग सदाचार. जुन्या दोतोर्नींत दहा आज्ञा असत, सात घोर पातके असत, तशी दयेची चौदा कृत्येही असत. सात देहाची, सात आत्म्याची. देहाची म्हणजे भुकेल्याला अन्न देणे, तहानेल्याला पाणी देणे, उघड्याला वस्त्र देणे, परक्याला आसरा देणे, आजाऱ्याला भेटणे, बंदिवानाची विचारपूस करणे आणि मेलेल्याला मूठमाती देणे. पोरे ही यादी पाढ्यासारखी पाठ करीत. यांतली पहिली सहा कुठून आली? मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातून. आणि तो अध्याय झडतीचा आहे.

चित्र असे आहे. शेवटच्या दिवशी राजा सिंहासनावर बसतो आणि मेंढपाळ जशी मेंढरे आणि शेरडे वेगळी करतो तशी सर्व राष्ट्रांची माणसे दोन बाजूंना करतो. उजवीकडच्यांना म्हणतो, मी भुकेला होतो, तुम्ही खायला दिलेत. तहानेला होतो, पाणी दिलेत. आजारी होतो, भेटायला आलात. ती माणसे गोंधळतात. महाराज, आम्ही तुम्हांला भुकेले, आजारी कधी पाहिले? राजा सांगतो, माझ्या या लहानांतल्या लहानासाठी केलेत ते माझ्यासाठीच केलेत. मग डावीकडच्यांना तो हेच उलटे सांगतो. तेही गोंधळतात. तेही विचारतात, कधी पाहिले?

हा भाग मी दोन-तीनदा वाचला. आपल्याकडे चित्रगुप्त आहे, पाप-पुण्याची वही ठेवणारा, आम्हा कारकुनांचा मूळपुरुष. तेव्हा हिशेबाची कल्पना नवी नव्हती. पण या झडतीतल्या दोन गोष्टींनी मला थांबवले. पहिली ही, की जे पास झाले त्यांच्याजवळ स्वतःची नोंद नाही. आपण काही पुण्य केले हे त्यांना माहीतही नाही. मेस्तांना त्या पावसाळी रात्रीबद्दल मी एकदा आभार म्हणून काही बोलू लागलो, तर त्यांना ती रात्र आठवायलाच वेळ लागला होता. दुसरी गोष्ट अशी, की जे नापास झाले त्यांनी काही वाईट केल्याचे तिथे म्हटलेलेच नाही. चोरी नाही, खून नाही. त्यांनी फक्त केले नाही. कचेरीच्या भाषेत सांगायचे तर हा गैरव्यवहाराचा पैसा नव्हे, हा न खर्चलेला निधी. एकतीस मार्चला तो 'लॅप्स' होतो, आणि मग कितीही पत्रे लिहा, परत मिळत नाही.

स्टीफन्स गोव्यात पोचला तेव्हा पैठणला एकनाथ महाराज हयात होते. काशीहून रामेश्वराला न्यायचे कावडीतले गंगाजल त्यांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात ओतले ही कथा आपण शाळेत शिकलो. बरोबरचे लोक हळहळले, नाथांना मात्र रामेश्वर तिथेच भेटला. तहानेल्याला पाणी दिलेत ते मला दिलेत, हेच नाही का ते? एका गोष्टीवरून दुसरी निघाली असे मला म्हणायचे नाही. दोन्ही स्वतंत्र आहेत, आणि म्हणूनच त्यांची साक्ष मोठी आहे.

इथवर लिहून थांबलो असतो तर लेख गोड झाला असता. पण गोव्याचा इतिहास इतका गोड नाही. ज्या धर्माच्या ग्रंथात अशी झडती आहे, त्याच्या नावाने राज्य करणाऱ्यांनी ती झडती देवाच्या हातून काढून आपल्या हातात घेतली. १५६० मध्ये इथे इन्क्विझिशन बसले. १७७४ मध्ये बंद झाले, १७७८ मध्ये पुन्हा सुरू झाले आणि अखेर १८१२ मध्ये संपले. तिथे भुकेल्याला अन्न दिलेस का हे विचारीत नव्हते. विचारीत होते ते घरात काय शिजवलेस, कोणत्या दिवशी उपास केलास, लग्नात कोणते गाणे म्हटलेस. २७ जून १६८४ च्या फर्मानाने व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने लोकांना तीन वर्षांच्या आत आपली भाषा सोडून पोर्तुगीज शिकायला सांगितले. ज्या भाषेत पुराण सांगितले तीच नको झाली! आणि १७३६ च्या इन्क्विझिशनच्या आज्ञापत्रात ख्रिस्ती लोकांना मना केलेल्या गोष्टींच्या लांबलचक यादीत लग्नातल्या ओव्याही आहेत. १६१६ मध्ये ज्या ओवीत ख्रिस्ताचे चरित्र गाइले, ती १२० वर्षांनी गुन्हा ठरली. स्टीफन्सचा मित्र ज्या कारणासाठी इंग्लंडच्या तुरुंगात सडला, त्याच कारणासाठी गोव्यातली माणसे गोव्याच्या तुरुंगात पडली. फक्त पक्ष बदलले.

याच शुभवर्तमानात गहू आणि तणाचा दृष्टांत आहे. शेतात गव्हाबरोबर तण उगवलेले पाहून नोकर विचारतात, उपटून टाकू का? मालक म्हणतो, नको, तण उपटताना गहूही उपटाल. कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या. दुसऱ्याचा न्याय करू नका अशी स्पष्ट आज्ञाही तिथे आहे. म्हणजे निमाणी झडती आहे, पण ती नोकरांनी घ्यायची नाही. तिचा अधिकारी वेगळा आहे. हे वाक्य त्या न्यायाधीशांनी कितीदा वाचले असेल! आणि तरीही कोणाच्या दाराशी तुळस आहे हे बघत हिंडले.

पण बोट एकाच दिशेने दाखवून मोकळे होता येत नाही. १९२८ मध्ये मसुरकर महाराजांच्या प्रयत्नाने हजारो ख्रिस्ती गावडे पुन्हा हिंदू झाले. त्यांना आम्ही 'नवहिंदू' म्हटले, आणि हा 'नव' शब्द त्यांच्या कपाळावर पिढ्यान्पिढ्या राहिला. पंक्तीला बसवताना, सोयरीक करताना आम्हीही झडती घेतच होतो. माझ्या आजीच्या काळी मेस्तांच्या वडिलांना पाणी द्यायचे ते वेगळ्या तांब्यातून, तेही अंगणात. तो तांब्या मी पाहिला आहे.

आणखी एक शब्द सांगतो. 'देवचार'. आमच्या घरी देवचार म्हणजे राखणदार. रात्री शेतावर, सीमेवर हातात काठी घेऊन फिरणारा, वाट चुकलेल्याला घरी पोचवणारा. त्याला रोट द्यायचा, गाऱ्हाणे घालायचे. मेस्तांच्या घरी देवचार म्हणजे सैतान. वाट एकच, शब्द एकच, आणि दोन घरांत अर्थ असा उलटा! कोणीतरी एकाने दुसऱ्याच्या देवाचा निवाडा केला, आणि तो निवाडा शब्दाच्या पोटात जाऊन बसला. पण हेही खरे, की त्या पावसाळी रात्री आमच्या घरासाठी राखणदाराचे काम केले ते मेस्तांनी.

म्हणून मला आता असे वाटते, की ख्रिस्तपुराणाचा वाद आपण चुकीच्या जागी घालत बसलो. ते मराठीचे भूषण आहे, हे खरे. ते पराभूत लोकांच्या हातात त्यांचे जुने ग्रंथ काढून घेऊन ठेवले गेले, हेही खरे. या दोन्हींपलीकडे त्या परंपरेत एक प्रश्न आहे, जो कोणत्याही धर्माच्या माणसाला आपल्या भाषेत कळतो : तो आजारी होता, तू गेलास का? प्रश्न विचारणाऱ्या राज्यकर्त्यांचा अधिकार खोटा होता. प्रश्न मात्र खरा आहे. गोव्यातल्या ख्रिस्ती माणसाने तो मराठी-कोकणी शब्दांत चारशे वर्षे सांभाळला, भाषेवर बंदी आली तेव्हाही सांभाळला. ख्रिस्तपुराणाच्या पोथ्या तर गोवा सोडून मंगळूरकडे स्थायिक झालेल्या कुटुंबांनी हाताने लिहून, वाचून जिवंत ठेवल्या. १९०७ ची आवृत्ती निघाली ती त्या निष्ठेमुळे.

एप्रिलात मी मेस्तांच्या घरी गेलो. ठरवल्याप्रमाणे, निवांत! त्यांच्या बायकोने "आयलो रे पुता? बस" म्हणून खुर्ची पुढे केली. चहा झाला. मी कसेबसे म्हटले, की मी यायला हवे होते. ती म्हणाली, "तो तुजेर रागान नासलो." मग दयानंद योजनेचा कागद पुढे ठेवून म्हणाली, हे इंग्लिश मला कळत नाही, तू कचेरीतला, भरून दे. मी खिशातले पेन काढले. नाव, गाव, वय लिहून झाले. पतीच्या मृत्यूच्या तारखेचा रकाना आला, तिथे सत्तावीस मार्च लिहिले. बाकीचा फॉर्म भरायला दहा मिनिटे लागली. दुसऱ्या दिवशी तो मी स्वतः नेऊन दिला.